बाळ-बाळंतीण आणि शेजारधर्म
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं मंदिराच्या बांधणीचा, शाळेच्या वाढीचा व पूर्वजांच्या श्रद्धेचा इतिहास सांगणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आम्हांकडे जो विषय आला आहे तो खेड्यांतील गरीब बाळंतिणीचा व तिच्या तान्ह्या बाळाचा आहे. उत्सवाच्या मंडपांत हा विषय कोणास विजोड वाटेल. परंतु कोणत्याहि जुन्या धर्मग्रामाच्या नोंदवह्या ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस तसें वाटणार नाहीं. एका वहींत बाप्तिस्म्याची नोंद असते, दुसरींत दफनाची. आणि पहिल्या वहींतील नांव चारदोन दिवसांच्या अंतरानें दुसऱ्या वहींत उतरलेलें दिसलें म्हणजे पान उलटणारा हात थबकतो. कधीं त्या नांवापाठोपाठ त्याच्या आईचेंहि नांव येतें. धर्मग्रामाचा खरा इतिहास लिहावयाचा तर ह्या नांवांसहि त्यांत स्थान दिलें पाहिजे.

आपल्या परंपरेंत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जन्मतांच मरणोन्मुख झालेल्या बाळास बाप्तिस्मा देण्यासाठीं धर्मगुरूंची वाट पाहण्याची सक्ति ख्रिस्तसभेनें कधीं केली नाहीं. प्राणसंकटाच्या वेळीं जो कोणी जवळ असेल त्यानें, मग ती सुईण असो वा शेजारीण असो, योग्य हेतु मनांत धरून पाणी ओतावें व विहित शब्द उच्चारावे, असा फार जुना नियम आहे. आणि म्हणून सुईणींस हा विधि मुद्दाम शिकविण्याची चाल पडली. ह्यांतील शहाणपण पाहा. प्राण जाण्याची घटका कोणाची वाट पाहत नाहीं. म्हणून त्या घटकेस जो हात जवळ असेल त्यालाच अधिकार व शिक्षण दिलें पाहिजे. आत्म्याच्या बाबतींत जें आपल्या पूर्वजांस कळलें होतें, तेंच देहाच्या बाबतींत मान्य व्हावयास वैद्यकशास्त्रास फार काळ लागला. आजच्या आमच्या भाषणाचें सार एवढेंच आहे. पुढें जें सांगावयाचें आहे तो त्याचा विस्तार होय.

प्रथम थोडा आपल्या घरचा इतिहास. गेल्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांतील कित्येक स्त्रिया बाळंतपणांत केवळ एवढ्याचसाठीं मरत असत कीं, पडद्याच्या चालीमुळें पुरुष डॉक्टर त्यांच्या खोलींत जाऊं शकत नसे, आणि स्त्री-डॉक्टर तर विरळाच. ॲग्नेस मॅक्लॅरन ह्या स्कॉटिश डॉक्टर बाईंनीं उतारवयांत कॅथॉलिक धर्म स्वीकारला व वयाची सत्तरी उलटल्यावर, १९१० च्या सुमारास, त्या वेळच्या अखंड हिंदुस्थानांतील रावळपिंडी येथें स्त्रियांमुलांसाठीं रुग्णालय उभें केलें. धर्मभगिनींनीं वैद्यकी करावी व बाळंतपणें सोडवावीं हें तत्कालीन धर्मनियमांत बसत नव्हतें. ती बंदी उठावी म्हणून त्यांनीं रोमकडे पुन्हा पुन्हा विनंत्या केल्या. त्यांचें काम ऑस्ट्रियांतील ॲना डेंगल ह्यांनीं पुढें नेलें. ह्या बाई डॉक्टर होऊन १९२० सालीं रावळपिंडीस आल्या, आणि १९२५ सालीं त्यांनीं वैद्यकीय सेवेसाठीं धर्मभगिनींचा एक नवा संघ स्थापिला. त्याच १९२० सालीं मेरी ग्लाउरी ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर बाई आंध्रांतील गुंटूर येथें आल्या. पोपमहाशयांच्या विशेष अनुज्ञेनें त्यांनीं धर्मभगिनी होऊनहि वैद्यकी चालूं ठेवली व स्थानिक मुलींस परिचारिकेचें, औषधें बनविण्याचें व सुईणपणाचें शिक्षण दिलें. अखेर १९३६ सालीं रोमनें धर्मभगिनींस वैद्यकीची व सुईणपणाची मोकळीक दिली. नियम बदलला तो मातांच्या प्राणांसाठीं बदलला, ही गोष्ट ज्युबिलीच्या वर्षीं आठवण्यासारखी आहे.

परंतु रुग्णालय झालें, डॉक्टर आले, म्हणजे सर्व साधलें असें नाहीं. रुग्णालयाचें दार आणि झोंपडीचा उंबरठा ह्यांमध्यें जें अंतर असतें त्यांत माणसें मरतात. बाळंतपणांत आई मरते ती बहुधा अतिरक्तस्रावानें, रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांनीं, जंतुसंसर्गानें किंवा मूल अडल्यामुळें. रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतहि खेळ आटोपतो. आणि वेळ जातो तो तीन ठिकाणीं: घरांतील मंडळी विचार करीत बसतात तेथें, वाहन व रस्ता मिळत नाहीं तेथें, आणि दवाखान्यांत पोंचल्यावर रक्त व डॉक्टर नसतात तेथें. बाळाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या आयुष्यांतील सर्वांत धोक्याचे दिवस म्हणजे पहिले अठ्ठावीस. त्यांतहि पहिला दिवस व पहिला आठवडा. जन्मतांच श्वास न घेणें, अपुऱ्या दिवसांचें किंवा अपुऱ्या वजनाचें असणें, अंग गार पडणें, आणि रक्तांत किंवा फुप्फुसांत जंतुसंसर्ग होणें, हीं त्याच्या मृत्यूचीं मुख्य कारणें. नेमके हेच दिवस आपल्या समाजांत बाळ-बाळंतीण खोलीबाहेर न येण्याचे! मग त्या खोलींत शिरून बाळाकडे जाणत्या डोळ्यांनीं पाहणार कोण?

ह्या प्रश्नाचें उत्तर जगास महाराष्ट्रांतील एका मागास जिल्ह्यानें दिलें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ सालीं गडचिरोलीस गेलें व तेथें त्यांनीं 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीबाईंनीं दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हां शंभरांपैकीं ९२ जणींस गर्भाशय-योनिमार्गाचा कोणता ना कोणता विकार असल्याचें आढळलें. आणि पूर्वीं अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ. हें संशोधन १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. जें दुःख स्त्रिया मुकाट्यानें सोशीत होत्या, तें ह्या आंकड्यांनीं पुढें मांडलें.

पुढें त्यांनीं नवजात बालकांकडे लक्ष वळविलें. १९९३ पासून ३९ गांवांत, सुमारें ३९ हजार लोकवस्तींत, प्रत्येक जन्माची व प्रत्येक मृत्यूची काळजीपूर्वक नोंद होऊं लागली. तुलनेसाठीं दुसरीं ४७ गांवें निवडण्यांत आलीं. बहुतेक सर्व बाळंतपणें घरींच होत. जन्मलेल्या हजार जिवंत बालकांपैकीं ६२ बालकें महिन्याच्या आंत दगावत होतीं. निम्म्याहून अधिक नवजात बालकांस वैद्यकीय मदतीची गरज पडे. ती शंभरांपैकीं तिघांच्याहि वांट्यास येत नसे.

मग ह्या डॉक्टरांनीं काय केलें? त्यांनीं प्रत्येक गांवांतील एक स्त्री निवडली. ती पांचवी ते दहावीपर्यंत शिकलेली, त्याच गांवची सून किंवा लेक, घरचा संसार सांभाळणारी. तिला नांव दिलें आरोग्यदूत. गरोदर स्त्रियांची यादी ठेवणें, घरीं जाऊन त्यांस व त्यांच्या घरच्यांस चार गोष्टी समजावून सांगणें, बाळंतपणाच्या वेळीं सुईणीच्या शेजारीं हजर राहून बाळ ताब्यांत घेणें, तें न रडल्यास रबरी पिशवीनें त्याच्या नाकातोंडावाटें हवा भरणें, त्यास वजनकांट्यावर तोलणें, उबदार पिशवींत गुंडाळणें, आईच्या छातीशीं लावणें. आणि त्यानंतर महिनाभर ठरलेल्या दिवशीं जाऊन त्याचें दूध पिणें, अंगाची ऊब, श्वासाची गति व बेंबीची स्थिति तपासणें, हें तिचें काम. जंतुसंसर्गाचीं लक्षणें दिसलीं तर प्रथम दवाखान्यांत नेण्याचा सल्ला द्यावयाचा; घरची मंडळी नेण्यास तयार नसतील तर त्यांची संमति घेऊन ठरलेल्या मात्रेचें इंजेक्शन तिनेंच द्यावयाचें. हें शिक्षण एका दिवसांत झालें नाहीं. तें पायरीपायरीनें दिलें गेलें. पंधरा दिवसांनीं देखरेखीस माणूस येई व तिच्या नोंदी पडताळून पाही.

मोठमोठ्या शहरांतील डॉक्टर ह्या कल्पनेस कचरले. खेड्यांतील बाईच्या हातीं सुई द्यावयाची! परंतु फळ पाहा. तिसऱ्या वर्षीं, म्हणजे १९९७-९८ सालीं, त्या ३९ गांवांतील नवजात बालकांचा मृत्यु हजारीं ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गांवांत तो साठाच्या आसपासच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बालकांपैकीं पूर्वीं सुमारें १७ मरत, त्यांतील तीनहि आतां मरेनात. १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकांत हा वृत्तांत छापून आला, आणि गडचिरोलीच्या झोंपडींतली रीत देशोदेशींचे विद्वान् अभ्यासूं लागले.

श्रोतेहो, गडचिरोलीचें हें एकटेंच उदाहरण आहे असें समजूं नका. त्याच्या आधीं, १९७० सालीं, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें आलें. वेलोरला शिकलेलीं व परदेशीं उच्च शिक्षण घेतलेलीं हीं दोघें शहरांत सुखानें राहूं शकलीं असतीं. दुष्काळी गांवांतील लोकांस त्यांनीं प्रथम गरज विचारली. लोकांनीं मागितलें पाणी आणि धान्य, औषध नव्हे. तेथूनच त्यांनीं आरंभ केला. पुढें गांवोगांवच्या स्त्रिया त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर. कित्येक तर ज्या जातींस गांवानें शतकानुशतकें वेशीबाहेर ठेविलें त्या जातींच्या. ज्या बाईच्या हातचें पाणी कालपर्यंत चालत नव्हतें तिच्याच हातीं गांवानें आपलीं तान्हीं बाळें दिलीं. कामाच्या आरंभीं त्या भागांत जन्मलेल्या हजार बालकांपैकीं सुमारें १७६ वर्षाच्या आंत मरत. १९९६ च्या सुमारास ती संख्या २६ वर आली होती. १९७९ सालीं दोघांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १९९९ सालीं मेबलबाई व २०११ सालीं रजनीकांत हे प्रभूघरीं गेले. परंतु त्यांनीं घडविलेल्या स्त्रियांनीं काम थांबूं दिलें नाहीं.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं दवाखान्याची गरज नाहीं. अडलेलें मूल शेजारीण सोडवूं शकत नाहीं, वाहून गेलेलें रक्त ती भरून देऊं शकत नाहीं. त्यास शस्त्रक्रियागृह व रक्तपेढीच पाहिजे. बाळंतपण दवाखान्यांतच व्हावें हेंच योग्य. परंतु धोका केव्हां आला हें ओळखून वेळेवर वाहन बोलावणारें माणूस उंबरठ्याच्या आंतच पाहिजे. आणि दवाखान्यांतून दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं घरीं परतलेल्या बाळाचे धोक्याचे दिवस अजून संपलेले नसतात. शेजारीण व शल्यवैद्य हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. एकाच दोरीचीं तीं दोन टोकें होत, आणि कोणतेंहि टोक सुटलें तरी घागर विहिरींतच जाते.

सरकारनेंहि हें तत्त्व पुढें स्वीकारलें. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत गांवोगांव 'आशा' सेविका नेमण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षीं दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या गरीब मातेस साहाय्य देणारी जननी सुरक्षा योजना आली. २०११ पासून नवजात बालकाच्या गृहभेटी हें आशांचें देशभरचें काम झालें: दवाखान्यांत जन्मलेल्या बाळास सहा भेटी, घरीं जन्मलेल्यास सात, बेचाळीस दिवसांपर्यंत. २०२० सालच्या सरकारी नोंदींप्रमाणें महाराष्ट्रांत हजार जन्मांमागें १६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत होतीं, तर सर्व देशांत २८. लाख जिवंत जन्मांमागें मातांचे मृत्यु २०१८ ते २०२० ह्या काळांत महाराष्ट्रांत ३३, देशांत ९७. ही प्रगति मोठी आहे व तिचें श्रेय ज्यांचें त्यांस मोकळ्या मनानें दिलें पाहिजे.

तथापि सरासरी हें एक मोठें पांघरूण आहे. त्याखालीं कोणाचे पाय उघडे पडले आहेत तें दिसत नाहीं. ठाणें-पालघरच्या किनारपट्टीस राहणाऱ्या आम्हां लोकांस तें पाहण्यासाठीं गडचिरोलीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं तेव्हां सर्व महाराष्ट्र हळहळला होता. तो डोंगर आपल्या पूर्वेस आहे. आणि त्याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर, रेतीवर व बांधकामांवर मजुरीसाठीं खालीं उतरतात. त्यांत गरोदर स्त्रिया असतात, ओल्या बाळंतिणी असतात. पाड्यावर तिचें नांव आशेच्या वहींत असतें. २०१५ पासून आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांस अंगणवाडींत एक वेळचें पूर्ण जेवण देण्याची योजनाहि आहे. परंतु ती भट्टीवर आली कीं ती वही मागें राहते आणि तें जेवणहि मागें राहतें. येथील वहींत तिचें नांव लगेच चढतेंच असें नाहीं. दोन वह्यांच्या मधल्या फटींत ती व तिचें बाळ सांपडतात. ती फट आपल्या घरापासून कोस-दोन कोसांवर असते, आणि आपल्या घरांच्या भिंतींस लागलेली वीट कदाचित् तिच्याच हातची असते.

म्हणून ज्युबिलीच्या ह्या वर्षीं धर्मग्रामानें अंगीकारावीं अशीं चार कामें आम्ही आपणांपुढें ठेवतों. त्यांस मोठा पैसा लागत नाहीं, लक्ष लागतें.

पहिलें काम नांवांचें. आपल्या हद्दींतील प्रत्येक भट्टीवर, प्रत्येक मजूरवस्तींत, महिलामंडळाच्या दोघी दोघींनीं महिन्यांतून एकदां जावें. गरोदर व बाळंत स्त्रियांचीं नांवें घेऊन तीं त्या भागांतील आशेस व परिचारिकेस कळवावीं. धर्म किंवा जात विचारूं नये. दिवस कितवे आहेत एवढेंच विचारावें.

दुसरें काम वाहनाचें व रक्ताचें. कोणाची गाडी रात्रीं-अपरात्रीं निघूं शकते, कोणत्या तरुणाचा रक्तगट कोणता, ह्याची यादी मंदिराच्या कार्यालयांत लावून ठेवावी. सरकारी रुग्णवाहिका बोलवावीच. पण ती भट्टीच्या कच्च्या रस्त्यापर्यंत पोंचविणारा वाटाड्याहि लागतो.

तिसरें काम पोटाचें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें दिसलें. रक्त कमी असलेल्या आईस थोडासा रक्तस्रावहि जड जातो, व अशक्त आईच्या पोटीं बाळहि वजनानें कमी येण्याची भीति असते. हें केवळ मजुरणींचें दुःख नव्हे. आपल्या सुखवस्तु घरांतहि सून सर्वांच्या मागून जेवते. ती रीत मोडावी. गरोदर स्त्रीनें आधीं जेवावें, ह्याची जबाबदारी सासूनें व नवऱ्यानें घ्यावी.

चौथें काम चुकीच्या चाली सोडण्याचें. बाळ जन्मतांच त्यास न्हाऊं घालूं नये. कोरडें पुसून आईच्या उघड्या छातीशीं ठेवावें व दोघांवर पांघरूण घालावें. मध, गुळाचें पाणी, कसलीहि घुटी देऊं नये. पहिल्या तासांतच आईचा चीक पाजावा. तो टाकून देणें म्हणजे देवानें बाळासाठीं वाढलेलें पहिलें ताट लाथाडणें होय. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबहि नको. नाळेवर राख, तेल, हळद कांहींहि लावूं नये. बाळ दूध ओढीनासें झालें, अंग गार किंवा तापलेलें लागलें, श्वास मिनिटास साठ किंवा त्याहून जास्त पडूं लागला, छाती आंत ओढली जाऊं लागली, तर सकाळची वाट पाहूं नये.

ह्या चारांस आम्ही एक विनंति जोडतों. आपल्या गांवची आशा दारीं आली तर तिला उंबरठ्यावर उभी करूं नका. आंत बोलवा, बसायला द्या, बाळ तिच्या हातीं द्या. तुटपुंज्या मानधनांवर, तेंहि उशिरानें मिळत असतां, ती घरोघर हिंडते. कोणी तिला अर्धशिक्षित म्हणून हिणवलें तर त्यास गडचिरोलीचे व जामखेडचे आंकडे सांगा.

पवित्र मारियेनें आपली वृद्ध आप्त अलीशिबा गरोदर असल्याचें ऐकलें तेव्हां ती लगबगीनें डोंगराळ प्रदेशांत तिच्या घरीं गेली व सुमारें तीन महिने तेथें राहिली, असें शुभवर्तमानांत आहे. तीन महिने म्हणजे नुसती पाहुणचाराची भेट नव्हे. त्यांत पाणी भरणें आलें, दळण-कांडण आलें, रात्रीचें जागरण आलें. त्या भेटीचा सण आपण दरवर्षीं पाळतों. भट्टीवरच्या झोंपडीकडे जाणारी वाट त्याच डोंगराची आहे असें समजून ती आपण चालूं लागूं या. मग पुढच्या ज्युबिलीस जे कोणी आपल्या नोंदवह्या चाळतील त्यांस पहिल्या वहींतलें नांव दुसऱ्या वहींत शोधतांना पुष्कळ पानें, पुष्कळ वर्षें उलटावीं लागतील.

प्रभु आपल्या घरांतील बाळ-बाळंतिणींचें, आणि ज्यांस घर नाहीं त्यांच्याहि बाळ-बाळंतिणींचें, रक्षण करो.